किल्ल्याच्या पायथ्याचं लष्कर

गुरुवार

ग्वाल्हेरला जाणाऱ्या मराठी माणसाचा कार्यक्रम आधीच ठरलेला असतो. सकाळी किल्ला, दुपारी जयविलास राजवाडा, संध्याकाळी फुलबागेत झाशीच्या राणीची समाधी आणि रात्रीची परतीची गाडी. त्यात वावगं काहीच नाही. किल्ला पाहण्यासारखाच आहे आणि जयविलासच्या दरबार हॉलमधली साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरं बघताना मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. पण या धावपळीत किल्ल्याच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी पसरलेलं लष्कर राहून जातं. मराठी माणसं जिथे दोनशे वर्षं राहत आली, ते गाव खरं म्हणजे हे. डिसेंबरात, तानसेन समारोह या संगीत महोत्सवाच्या सुमारास आत्याकडे जायचं ठरलं, तेव्हाच ठरवून टाकलं की बाकी काही राहिलं तरी चालेल, लष्कराच्या गल्ल्या मात्र पायी हिंडायच्या.

पुण्याहून झेलमने निघाले. निम्मी बॅग आत्याच्या यादीने भरलेली होती. गोडा मसाला, आमसुलं, मेतकूट, कुळथाचं पीठ, आणि या वर्षीचं मराठी पंचांग, तेही पुण्याचंच. भुसावळ, खांडवा, भोपाळ करत गाडी झाशीपर्यंत आली की खिडकीबाहेर दगड दिसायला लागतो. शेताचे बांध दगडाचे, घरांची छपरंसुद्धा दगडी फरशांची.

स्टेशनवरून ई-रिक्षा केली. लष्करकडे जाताना उजव्या हाताला किल्ला दिसत राहतो. आपल्याकडचे किल्ले शिखरावर बसलेले असतात. हा नुसता लांबच्या लांब पसरलेला आहे, वरून सपाट, कडे मात्र ताठ. शहरापासून शंभरेक मीटर उंच असेल-नसेल, पण सपाट मैदानातून एकदम उठल्यामुळे फार मोठा वाटतो. रिक्षावाल्याने विचारलं, "लश्कर में कहाँ?" म्हटलं, ढोलीबुवाचा पूल. पुढे त्याने काही विचारलं नाही.

आत्याचं घर एका गोठीत, म्हणजे जुन्या सरदाराच्या नावाच्या वस्तीत आहे. वाडा मूळचा तिच्या आजेसासऱ्यांच्या वडिलांचा. ते एका सरदाराकडे कारकून होते. आता वाड्यात चुलत-चुलत मिळून बरीच बिऱ्हाडं आहेत आणि देवडीच्या कमानीखाली विजेचे मीटर ओळीने लावलेत. प्रत्येकावर रंगाने आडनाव लिहिलंय. आडनाव एकच असल्यामुळे पुढे कंसात 'ऊपर', 'पीछे', 'कुएँ वाले' असं लिहावं लागलंय.

"हात-पाय धुऊन घे न आधी, पाणी गरम करून ठेवलंय," आत्या म्हणाली. "मी चहा बनवून राहिले. अगं, स्वेटर काढू नकोस, इथली थंडी तुझ्या पुण्याची नव्हे."

खरंच नव्हती. संध्याकाळी काकांबरोबर महाराज बाड्यावर गेले तेव्हा कानाला मफलर गुंडाळावा लागला.

बाडा म्हणजे लष्कराचा मधला चौक. नाव बाडा असलं तरी हा वाडा नाही, मोठं मोकळं मैदान आहे. मधोमध शिंदे महाराजांचा पुतळा आणि भोवती टाउन हॉल, पोस्ट ऑफिस, स्टेट बँक, व्हिक्टोरिया मार्केट, छापखान्याची इमारत. प्रत्येकीची धाटणी निराळी. एकीला उंच युरोपी खांब, दुसरीला जाळ्या आणि छत्र्या. एका राजाला एकदम सगळंच आवडून गेल्यासारखं दिसतं. मला हे विजोड वाटलं, काकांना अजिबात नाही. ते म्हणाले, "व्हिक्टोरिया मार्केट २०१० मध्ये जळालं, तेव्हा अर्धं लष्कर इथे येऊन उभं होतं. मग जसं होतं तसंच परत बांधलं."

बाड्याला लागून गोरखी. शिंद्यांचा जुना राजवाडा तिथे होता, देवघर आजही आहे. त्या देवघराजवळच मन्सूरशहा या बीडच्या सूफी साधूंची गादी आहे. महादजी शिंद्यांची त्यांच्यावर श्रद्धा होती आणि घराण्याने ती पुढे चालवली. गोरखीच्याच शाळेत अटलबिहारी वाजपेयी शिकले. त्यांचा जन्म इथून जवळच शिंदे की छावणी या भागातला, १९२४ सालचा. काकांनी हे सांगताना शाळेकडे बोट केलं आणि लगेच कचोरीच्या गाडीकडे वळले. दोन्ही गोष्टी त्यांच्या दृष्टीने सारख्याच महत्त्वाच्या असाव्यात.

शुक्रवार

सकाळी बेडई. उडदाच्या डाळीचं सारण भरलेली, तळून फुगलेली पुरी, वर बटाट्याची झणझणीत भाजी, शेजारी जिलबी. आत्या घरात पोहे करते, पण पाहुणा आला की काका आधी बेडई आणतात. त्यानंतर चालायला निघालो. काका एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयातून निवृत्त झालेत आणि चालताना हिशेब तपासल्यासारखे बोलतात. एक मुद्दा संपल्याशिवाय पुढच्या गल्लीत वळत नाहीत.

लष्कर हे नाव उगीच पडलेलं नाही. दौलतराव शिंदे १७९४ मध्ये महादजींच्या गादीवर आले. वानवडीला महादजींची छत्री आहे, ती पुणेकरांना माहीत असते. त्यानंतर या घराण्याचं काय झालं हे मात्र आपण इंग्रजांशी झालेल्या लढायांपुरतं वाचतो. १८१०च्या सुमारास दौलतरावांनी उज्जैनहून हलून आपली छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला टाकली. मुक्काम हलला नाही. तंबूंच्या जागी मातीच्या भिंती आल्या, मातीच्या जागी दगड आला. ज्या सरदाराचा गोट जिथे पडला तिथे त्याच्या नावाची वस्ती झाली. निंबाळकर की गोठ, महाडिक की गोठ, शितोळे साहब का बाडा, कदम साहब का बाडा, फालका बाजार, पाटणकर बाजार. नगररचना म्हणतात ती इथे कुणी कागदावर केलेली नाही. सैन्य ज्या क्रमाने उतरतं, त्या क्रमाने गाव वसलं. मधे सेनापतीचा डेरा, भोवती मानकरी, त्यांच्या मागे त्यांचे कारकून, भटजी, आचारी, मोतद्दार, आणि त्यांच्यामध्ये सामान विकणारे बनिये. आजही तसंच आहे. गोठीतून बाहेर पडलं की बाजार, बाजार ओलांडला की पुढची गोठ.

म्हणून गल्ल्या सरळ नाहीत. एक गल्ली दुसरीला नीट मिळत नाही, कारण दोन सरदारांचे गोट एकमेकांना विचारून पडलेले नव्हते. काकांच्या मते लष्करातल्या वाहतुकीच्या कोंडीला दौलतरावच जबाबदार आहेत.

जनकगंज, दौलतगंज, जीवाजीगंज, माधवगंज हे नंतरचे भाग. नावं ओळीने वाचली तर शिंद्यांची वंशावळ तयार होते. दौलतराव, जनकोजी, माधवराव, जीवाजीराव. छत्री बाजारात त्यांच्या घराण्याच्या छत्र्या आहेत. दगडावरचं कोरीव काम इतकं बारीक की वेलबुट्टीतली पानं मोजता येतात. आवारात मात्र मुलं क्रिकेट खेळत होती आणि एक छत्री यष्टीरक्षकाच्या मागची सीमारेषा झालेली होती.

पण मला छत्र्यांपेक्षा वाडे बघायचे होते. ग्वाल्हेरचा मराठी वाडा बाहेरून पुण्याच्या वाड्यासारखा दिसत नाही. लाकूड फार कमी. सगळं दगडात: सज्जे दगडाचे, त्यांना आधार देणारे घोडे दगडाचे, खिडकीतल्या जाळ्या दगडाच्या, आणि छतही दगडी फरश्यांचं, ज्याला इथे पटिया म्हणतात. आत शिरलं की मात्र आपलं गणित ओळखू येतं. देवडी, चौक, चौकात तुळस, ओसरी, माजघर, मागे विहीर. जणू पुण्याचा कारागीर नकाशा देऊन निघून गेला आणि इथल्या पाथरवटांनी हाती होतं त्यातून तो उभा केला.

आत्याच्या स्वयंपाकघरात एक कमान आहे. खरं म्हणजे अर्धी. ती मूळची ओसरीची पाचपाखळी महिरप, वर मध्यभागी कमळ. १९६०च्या दशकात वाटण्या झाल्या तेव्हा भिंत नेमकी त्या कमळातून गेली. अर्धं कमळ आत्याच्या ओट्यावर, मिक्सरच्या वर. उरलेलं अर्धं शेजारच्या चुलत दिरांच्या बैठकीत, टीव्हीच्या वर. दोन्ही घरांनी आपापल्या अर्ध्याला वेगळा रंग दिलाय. आत्याकडे पिस्ता, तिकडे गुलाबी. मी शेजारी जाऊन मुद्दाम पाहून आले. तिकडच्या बाजूला फुलाच्या पाकळ्या अजून धारदार आहेत, इकडे फोडणीच्या धुराने आणि दरवर्षीच्या रंगाने बुजल्यात.

कमानीच्या वरच्या कोपऱ्यात ओल होती. "वरची खोली कोथरूडच्या भावाची," काका म्हणाले. "कुलूप आहे. चातुर्मासात पाणी तिथे साठतं आणि इथे उतरतं. पटियांच्या सांधीत चुना भरायला हवा. तो म्हणतो, विकायचंच आहे तर दुरुस्ती कशाला? आणि विकायला सगळ्यांच्या सह्या लागतात."

सह्या हा लष्करातल्या प्रत्येक वाड्याचा विषय. कुणी नागपुरात, कुणी ठाण्यात, कुणी अमेरिकेत. बिल्डर तयार आहेत, पण आधी वारस गोळा व्हायला हवेत. काही वाडे गेलेही. त्यांच्या जागी चार मजली इमारती उभ्या आहेत, खाली दुकानं, वर घरं, आणि नाव तेच ठेवलेलं, अमुक साहब का बाडा. मला हळहळ वाटली तशी काकांना वाटलेली दिसली नाही. "नव्या बिल्डिंगीत पाणी वरपर्यंत चढतं," ते म्हणाले. त्यांच्या वाड्यात अजून खालच्या टाकीतून बादलीने वर न्यावं लागतं. वाडा फोटोत छान दिसतो असं म्हणणाऱ्याने गुडघे दुखत असताना त्याचा जिना चढून दाखवावा. पायऱ्या वीतभर उंच आहेत आणि धरायला दोर.

सराफ्यात थांबलो. इथे एका निंबाच्या झाडाला २२ जून १८५८ रोजी अमरचंद बांठियांना फाशी दिलं. ते शिंद्यांच्या खजिन्याचे खजिनदार. राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे ग्वाल्हेरात आले, तेव्हा बांठियांनी सैन्याच्या पगारासाठी खजिना मोकळा केला. इंग्रज परत आले आणि बाजाराच्या मध्यात, सगळ्यांना दिसेल असं त्यांना लटकवलं. सोनं घासायचा आवाज, पायऱ्यांवर बसलेले दलाल, मधेच हे स्मारक. गर्दीत थांबून वाचणारी फक्त मीच होते, आणि मागून मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत होता.

दुपारनंतर गाण्याच्या मागे. ख्यालगायकीतलं ग्वाल्हेर घराणं याच गल्ल्यांतलं. दौलतरावांच्या दरबारात बडे मुहम्मद खाँ गायचे आणि हस्सू खाँ, हद्दू खाँ हे तरुण भाऊ पडद्याआड बसून त्यांची गायकी उचलायचे, अशी आख्यायिका सांगतात. पुढे याच भावांकडे मराठी शिष्य शिकले. त्यांतल्या वासुदेवबुवा जोशींकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले, आणि परत महाराष्ट्रात येऊन त्यांनी मिरजेला विष्णू दिगंबर पलुस्करांना घडवलं. आज महाराष्ट्रात कुठल्याही गावात ख्याल गायला जातो, त्याचा धागा सोडवत मागे गेलं तर बहुतेक वेळा लष्करच्या एखाद्या ओसरीवर येऊन पोचतो. हे मला पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं. तिथे सगळं तिथेच सुरू झालं असं आपण धरून चालतो.

जे इथेच राहिले त्यांत शंकर पंडित आणि त्यांचे चिरंजीव कृष्णराव शंकर पंडित. कृष्णरावांनी १९१४ मध्ये वडिलांच्या नावाने संगीत विद्यालय काढलं आणि १९८९ पर्यंत, वयाची नव्वदी ओलांडूनही, ते गुरूच होते. माधवराव महाराजांनी १९१८ मध्ये पंडित भातखंड्यांच्या मदतीने माधव संगीत महाविद्यालय सुरू केलं. गायक राजाभैय्या पूंछवाले तिथले. म्हणजे एकाच गावात, एकाच दशकात, गुरूच्या पायाशी बसून शिकायची पद्धत आणि वर्गात फळ्यावर स्वरलिपी लिहून शिकायची पद्धत शेजारी-शेजारी होत्या. त्यावरून इथे वाद किती झाले असतील ते काकांच्या चेहऱ्यावरूनच कळतं. त्यांचे काका पहिल्या पक्षातले होते. सरोदवादक हाफिज अली खाँ यांचं घर जीवाजीगंजात आहे, तिथे आता सरोदघर हे वाद्यांचं संग्रहालय आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला. चौकात तसा फलक आहे. शेजारी डीजेवाल्याचं दुकान.

रात्री मुगाचे मंगोडे आणि हिरवी चटणी. आत्याचा नातू, नववीतला, मित्राशी फोनवर अस्सल ग्वाल्हेरी हिंदीत भांडत होता. फोन ठेवून आजीला म्हणाला, "आजी, मला अजून दोन वाढ न." दोन्ही त्याच दमात.

शनिवार

किल्ला. याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय, मी थोडक्यात उरकते. उरवाई दरवाज्याच्या बाजूने वर गेलो. चढावर कड्यात कोरलेल्या पंधराव्या शतकातल्या जैन मूर्ती आहेत, तोमर राजांच्या काळातल्या. बाबराने त्या फोडायला लावल्या. त्याने हे स्वतःच्या आठवणींत लिहूनही ठेवलंय. चेहरे नंतर पुष्कळ ठिकाणी बसवले. वर मानसिंह तोमरांचा महाल, निळ्या-पिवळ्या फरश्यांनी मढवलेला, त्यावर बदकांची रांग. तेली का मंदिर. सास-बहूची मंदिरं. चतुर्भुज मंदिरातला ८७६ सालचा शिलालेख मात्र मी आवर्जून बघितला. त्यात देवाच्या बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या माळा ५० असं लिहिलंय, आणि दोन्ही शून्यं आज आपण काढतो तशीच, छोटी गोल. दानपत्रात शून्य सापडावं हे मला फार आवडलं. बागेचं मोजमाप करणाऱ्याला आपण काही विशेष करतोय असं वाटलंही नसणार.

मला इथून लष्कर बघायचं होतं. दक्षिणेच्या तटावर उभं राहिलं की सगळं उलगडतं. मधे जयविलासचा पांढरा ठोकळा, त्याच्या पलीकडे गच्च दगडी छपरं, काळ्या टाक्या, कबुतरखाने. डोळ्यांनी गोठी शोधता येतात, कारण जुन्या वाड्यांच्या चौकांच्या चौकोनी फटी वरून दिसतात. जिथे फट नाही तिथे नवी इमारत.

एक गोष्ट मला वर आल्याशिवाय कळली नव्हती. महादजींनी १७८३ मध्ये हा किल्ला गोहदच्या राण्याकडून घेतला. पुढे तो इंग्रजांकडे गेला, परत आला. १८५८च्या धामधुमीनंतर इंग्रजांनी त्यावर फौज ठेवली आणि १८८६ पर्यंत तो सोडला नाही. झाशीच्या बदल्यात किल्ला परत मिळाला. तेवढी २८ वर्षं शिंद्यांची राजधानी खाली आणि परक्यांच्या तोफा वर, अशी अवस्था होती. जयविलास बांधला गेला तो १८७४ मध्ये, म्हणजे नेमका याच काळात. मायकेल फिलोसने बांधलेला. झुंबर टांगण्याआधी छताची ताकद बघायला त्यावर हत्ती चढवले, ही गोष्ट गाइड हसत-हसत सांगतात. मला आता ती निराळी वाटते. मान वर केली की ज्याला आपलाच किल्ला दुसऱ्याच्या हातात दिसतो, तो राजा घराच्या छताला हत्ती पेलतात का हे बघतोय.

काकांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "जयाजीराव महाराजांना किल्ला परत मिळाला आणि त्याच वर्षी ते गेले." एवढंच. मग वर्ष बरोबर आहे ना याची त्यांनी मनाशी एकदा खातरजमा केली.

रविवार

सकाळी हजिऱ्याला, तानसेनांच्या समाधीपाशी. हे जुन्या ग्वाल्हेरात येतं, किल्ल्याच्या पलीकडे, लष्करापासून बरंच लांब. सूफी संत मुहम्मद गौस यांच्या मोठ्या मकबऱ्याशेजारी तानसेनांची साधी, खांबांवर उभी छोटी कबर. बाजूला चिंचेचं झाड. त्याची पानं चघळली की गळा सुधारतो म्हणून येणारे गायक ती ओरबाडतात. झाडाची अवस्था पाहता गायक पुष्कळ झालेले दिसतात.

समारोहाची सुरुवात इथे सकाळी होते. १९२४ पासून, माधवराव महाराजांच्या काळापासून. रात्रीच्या मोठ्या मैफलींच्या बातम्या येतात, पण ही सकाळ पाहिल्याशिवाय समारोह पाहिला असं म्हणू नये. आधी सनई. मग ढोलीबुवा मठाच्या महाराजांची हरिकथा. लष्करात ज्यांच्या नावाने पूल आहे तेच हे नाथपंथी ढोलीबुवा. दोन शतकांच्या आसपास त्यांचं कीर्तन या गावात चालू आहे. त्यानंतर मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण, आणि कबरीवर चादर.

गादीवर बसलेले मौलवी कथा ऐकत होते, मानेने दाद देत होते. बुवा हिंदीत बोलत होते, पण चाल आपल्या कीर्तनाची. पूर्वरंगात निरूपण, मधेच गाणं, गाण्यातून दृष्टांत, पुन्हा निरूपण. पेटीवाला आणि तबलजी कुठे थांबायचं ते बुवांच्या खांद्यावरून ओळखत होते. समोर सतरंजीवर पन्नाशी-साठीच्या मराठी बायका, स्वेटरवर शाल, पायात मोजे, हातात छोट्या टाळांच्या जोड्या पिशवीतून काढलेल्या. कथा संपली तेव्हा त्या उठल्या नाहीत. मिलाद पूर्ण होईपर्यंत बसल्या, मग चादरीला हात लावला आणि निघाल्या. माझ्या शेजारच्या आजींनी विचारलं, "पुण्याहून? मग तिथे आमच्या बुवांसारखं कीर्तन होतं का अजून?" मी हो म्हणाले. त्यांना ते पटलं नाही.

परतताना फुलबाग. राणीची समाधी आणि तिचा अश्वारूढ पुतळा. १८५८च्या जूनमध्ये ती इथेच पडली. गंगादासांच्या शाळेतल्या, म्हणजे मठातल्या साधूंनी तिच्या देहाचं रक्षण करताना प्राण दिले. जयाजीराव त्या वेळी आग्र्याला निघून गेले होते. हा विषय लष्करातल्या मराठी घरांत निघाला की चहा जरा लवकर संपतो. एका बाजूला शिंद्यांचं मीठ, ज्यावर वाडे उभे राहिले. दुसऱ्या बाजूला राणी, तीही मराठीच, आणि तिच्यासाठी खजिना उघडणारा बांठिया त्यांच्याच सराफ्यातला. मी आत्याला सरळच विचारलं. ती म्हणाली, "आम्ही समाधीला नवरात्रात हार घालतो आणि दसऱ्याला महाराजांच्या शमीचं सोनंही लुटतो." मग गॅस बंद करायला गेली.

सोमवार

संध्याकाळची गाडी होती म्हणून सकाळी कंपूच्या टेकडीवर, मांढरे की माता. आपल्याकडच्या मांढरदेवीच्या काळूबाईशी याचं नातं सांगतात. जयाजीरावांच्या फौजेतले साताऱ्याकडचे आनंदराव मांढरे यांनी देवी इथे स्थापन केली आणि महाराजांनी टेकडीवर देऊळ बांधून दिलं. जयविलासमधून देवळाचं दर्शन व्हावं अशी जागा निवडली असं म्हणतात. पायऱ्या चढून वर गेलं की एका अंगाला राजवाडा, दुसऱ्या अंगाला किल्ला, खाली कंपूचं मोठं रुग्णालय आणि त्याच्या कडेने औषधांची दुकानं. दवाखान्यातून थेट देवळात आलेले लोक हातात एक्स-रेची पाकिटं घेऊन उभे होते.

दसऱ्याला शिंदे घराण्यातले प्रमुख इथे शमीपूजन करतात. शमीला तलवार लागली की जमलेले मराठी सरदारांचे वंशज आणि इतरही पानांवर तुटून पडतात. डिसेंबरात मात्र टेकडी रिकामी. पुजाऱ्यांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि वाईपासून मांढरदेव किती लांब ते स्वतःच सांगितलं. ते कधी वाईला गेलेले नाहीत.

इथे उभं राहून काकांनी लष्कराचा दुसरा भाग समजावला. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झालं, १९५६ मध्ये नवं मध्यप्रदेश झालं आणि राजधानी भोपाळला गेली. लष्करच्या कारकुनी घरांची पंचाईत व्हायची, पण महालेखापालांचं ऑफिस आणि महसूल मंडळ ग्वाल्हेरात राहिलं. शिंदेशाहीत दप्तर लिहिणाऱ्यांच्या मुला-नातवांनी तिथल्या खुर्च्या धरल्या. त्या पिढीला लष्कर सोडायची गरज पडली नाही. त्यांच्या मुलांना पडली. ती पुण्याला आणि बंगळुरूला गेली. काकांचा मुलगा सिटी सेंटर भागात फ्लॅट घेतोय. आत्या येणार नाही म्हणते. कारण विचारलं तर सांगते की तिथे गणपतीच्या आरतीला हाक मारली तर चार माणसं जमायची नाहीत. मुलगा म्हणतो तिथे लिफ्ट आहे. हा वाद निदान पुढच्या दिवाळीपर्यंत चालेल.

दुपारी गजक बांधून घेतली. हिवाळ्यात ताजी कुटलेली, तोंडात विरघळणारी. पुण्यात पोचेपर्यंत निम्मी संपते, म्हणून दुप्पट घ्यावी. वेळ असेल तर बाड्यावरून जनकगंजमार्गे ढोलीबुवाच्या पुलापर्यंत सकाळी आठच्या आत चालावं, दुकानं उघडायच्या आधी. सज्जे आणि जाळ्या तेव्हाच दिसतात, नंतर फलक आणि तारा आड येतात. कुणाच्या देवडीत डोकावलात तर नमस्कार करून मराठीत बोला. चहा मिळतो.

आत्याने वाटेसाठी दशम्या आणि लोणचं दिलं. काका रिक्षापर्यंत आले, बॅग आत सरकवली आणि खिशातून एक जाड लिफाफा काढला.

"कोथरूडला जाशील तेव्हा भावाला दे. चुना आणि मजुरीचा अंदाज आहे, दोन कारागिरांचे भाव घेतलेत. त्याला म्हणावं, सही द्यायची तेव्हा दे, छताचे पैसे मात्र पावसाळ्याच्या आत पाठव."